पार्ट कुठं थांबतो ते बघ

चि. भाचीस,

शेडच्या किल्ल्या हातात घेतल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास, "मामा, आधी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" घरात पाहुणे होते, मामी चहाचे कप फिरवत होती, म्हणून मी नुसता हसलो. आता निवांत लिहितो. आधी खडू घे. पांढरा, शाळेतला.

पत्र्याची कॉइल उतरली की तिच्यावर खडूनं तारीख टाक. तिच्यातून निघालेला माल ज्या क्रेटमध्ये पडेल त्या क्रेटवर तीच तारीख. मग तो क्रेट जिथं जाईल तिथं त्याच्या मागं वही घेऊन जा. मी हे केलं तेव्हा आपल्या ब्रॅकेटला चार स्ट्रोक लागायचे: ब्लँकिंग, पिअर्सिंग, बेंडिंग, फॉर्मिंग. एकेक स्ट्रोक दोन-तीन सेकंदांचा. म्हणजे डायखाली तो पार्ट सगळा मिळून आठ ते बारा सेकंद. आणि कॉइल गेटातून आत आल्यापासून ब्रॅकेट गेटाबाहेर पडेपर्यंत लागले १७ दिवस. उरलेला सगळा वेळ तो काय करत होता? बसला होता. प्रेसच्या बाजूला, प्लेटिंगवाल्याच्या ओट्यावर, क्वालिटीच्या टेबलाखाली, आणि शेवटी डिस्पॅचच्या कोपऱ्यात चलनाची वाट बघत. कॅश क्रेडिटचं व्याज मात्र कुठंच बसलं नव्हतं.

त्या दिवसापासून कोणीही नवं तंत्र विकायला आला की मी दोनच गोष्टी विचारतो. यानं कोणाचं थांबणं कमी होणार? आणि कोणाचा कोणावरचा संशय कमी होणार? दोन्हीला धड उत्तर नसेल तर माणसाला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. टायवाले पोरगे 'व्हॅल्यू क्रिएशन'च्या स्लाइड दाखवतात. आपल्या धंद्यात मूल्य म्हणजे काय, तर जो माल आणि जो पैसा पडून होता तो हलायला लागला, आणि ज्या गोष्टीवरून रोज भांडण व्हायचं ती पुन्हा तपासावी लागली नाही. एवढंच. हे मूल्य मशीनच्या पोटात फार कमी असतं. दोन माणसं, दोन शेड, दोन कंपन्या जिथं एकमेकांना माल देतात तिथल्या सांध्यात ते असतं.

आपल्या संभाजीनगराचा धंदाच सांध्यांचा आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा प्लांट सुरू झाला आणि त्याच्याभोवती वेंडरांची वस्ती उभी राहिली. कोणी प्रेस टाकले, कोणी ॲल्युमिनियमचं डायकास्टिंग, कोणी रबर, कोणी नुसते स्प्रिंग. त्यांच्यातलेच काही एवढे वाढले की आज त्यांचे पार्ट परदेशातल्या गाड्यांना लागतात. मी आयटीआय करून टूलरूममध्ये लागलो तेव्हा वाळूजला धूळच जास्त होती. पुढं एक जुना तीस टनी प्रेस घेतला. त्या काळी मालाचं शेड्यूल आणायला दर सोमवारी स्कूटरवर पिशवी अडकवून मोठ्या कंपनीच्या पर्चेसमध्ये जावं लागे. साहेब जेवायला गेलेले असले की बाकड्यावर बसायचं. तेही थांबणंच. मग फॅक्स आला, ई-मेल आला, आता पोर्टल आहे. बाकडं गेलं, चांगलं झालं.

पण पोर्टलचा एक कानमंत्र लक्षात ठेव. तिथं दोन आकडे असतात: एक पक्का, या आठवड्यात उचलणार तो, दुसरा अंदाजाचा, पुढच्या दोन-तीन महिन्यांचा. अंदाजाच्या आकड्यावर कॉइल भरू नकोस. वर गिऱ्हाईक थोडं कमी झालं की मोठी कंपनी थोडी ऑर्डर कापते, तिचा पहिला वेंडर घाबरून जास्त कापतो, त्याच्याखालचा त्याहून जास्त, आणि तळाला असलेल्या माणसाची शेड एक तर रिकामी पडते नाहीतर मालानं भरून जाते. चाबकाची मूठ जराशी हलते, टोक किती लांब जातं ते बैलाला विचार. २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा झाला तेव्हा चिप कशी दिसते हे ज्यांनी पाहिलं नव्हतं अशा प्रेसवाल्यांकडंही पत्र्याचे पार्ट पडून राहिले. उपाय साधा आहे. पोर्टलवर दिसलेला अंदाज आणि प्रत्यक्ष उचललेला माल, दोन्ही दर आठवड्याला एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी लिही. सहा महिन्यांत प्रत्येक ग्राहकाची खोड कळते. एक जण कायम जास्त सांगतो, एक जण महिनाअखेरीलाच जागा होतो. या तक्त्यावर उद्या तू कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजारं चालव, माझी ना नाही. पण तक्ताच नसेल तर ती बुद्धी काय चाटणार आहे?

आता क्यूआर कोडचं सांगतो, कारण त्यात सगळ्या विषयाचं सार आहे. कामगार चौकातला चहावाला पैसे घ्यायला जो चौकोन चिकटवतो, तो मूळचा आपल्याच बिरादरीतला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सोत, म्हणजे टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत, तो जन्माला आला. तिथं प्रत्येक खोक्यावर बारकोड असायचे आणि एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची. कामगारांना एकाच खोक्यावरचे अनेक कोड स्कॅन करत बसावं लागे. मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्यानं आणि त्याच्या छोट्या गटानं उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी माहिती भरणारा चौकोन बनवला. त्यात सात हजारांच्या वर आकडे मावतात, तो तेलकट झाला, थोडा फाटला तरी वाचता येतो. प्रेसशॉपमध्ये तेलकट न होणारी वस्तू कुठली असते? पण मला खरी गंमत पुढं वाटते. कंपनीनं पेटंट घेतलं आणि तरी जगाला तो फुकट वापरू दिला. तिजोरीत ठेवला असता तर तो एका कारखान्याचा राहिला असता.

आपल्याकडं हा चौकोन कसा आला ते मात्र मला लाज वाटावी असं आहे, तरी सांगतो. एका उन्हाळ्यात एका मोठ्या ग्राहकाच्या लाइनवर आपले तीन ब्रॅकेट वाकाच्या जागी तडकलेले निघाले. पत्रा कडक होता. तिथून फोन: "कोणत्या कॉइलचे? किती माल त्याच कॉइलचा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कॉइलसोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावर हीट नंबर असतो. ते सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं आणि क्रेटवर काहीच नव्हतं. दोन कॉइलींचा माल एकत्र झाला होता. मग ग्राहकाच्या स्टोअरमधला, वाटेतल्या टेम्पोतला, प्लेटिंगवाल्याकडचा आणि आपल्या शेडमधला, असा चौदा हजार नगांचा माल सहा पोरं पाच दिवस टॉर्च आणि भिंग घेऊन तपासत बसली. मीही बसलो. ट्यूबलाइटखाली वाकाची रेघ बघून-बघून तिसऱ्या दिवशी चांगला पार्टसुद्धा तडकलेला दिसायला लागतो. शेवटी वाईट निघाले शंभराच्या आत. हीट नंबर माहीत असता तर आठ-नऊशे नग बाजूला काढून बाकीचा माल त्याच दिवशी सुटला असता. डेबिट नोट आली ती वेगळीच.

म्हणून स्टिकरचा प्रिंटर घेतला. क्रेटवर पार्ट नंबर, हीट नंबर, तारीख, ऑपरेटर, सगळं त्या चौकोनात. आणि काय झालं? पहिले दोन महिने कोणी स्कॅनच करेना. मी चिडलो, दंड लावला, तरी नाही. मग आपल्या जुन्या ऑपरेटरनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "शेठ, स्कॅन केलं की आमचं रिजेक्शन तुम्हाला दिसतं. आम्हाला काय दिसतं?" बरोबर होतं त्याचं. शिफ्ट संपताना नगांवरून सुपरवायझर आणि ऑपरेटरचा रोज वाद व्हायचा, इन्सेंटिव्ह त्यावर असायचा. आम्ही प्रेसच्या समोर एक पडदा लावला. स्कॅन केलं की नग तिथं मोजला जातो, आणि तोच आकडा पगाराला धरायचा. आठवड्यात स्कॅनिंग सुरू झालं. वाद बंद. जो माहिती भरतो त्याला ती सगळ्यात आधी उपयोगी पडली पाहिजे. साहेबाला रिपोर्ट हवा म्हणून कोणी खरं भरत नाही. खोटं भरतो, आणि ते खोटं रंगीत आलेखात फार सुंदर दिसतं.

हाच नियम शेडच्या बाहेर लाव. आपला प्लेटिंगवाला लहान माणूस. माल त्याच्याकडं तीन-चार दिवस नुसता पडायचा, कारण आपला माल तयार झाला हे आपल्याला कळायचं नाही आणि टेम्पो रिकामा पाठवायला जीव होत नसे. त्याला सॉफ्टवेअर घे म्हणणं म्हणजे चेष्टा. मी माझा जुना फोन त्याच्या पोराला दिला: क्रेट टाकीत उतरला की एक फोटो, बाहेर निघाला की एक. जॉबवर्कच्या चलनाचा नंबर फोटोत दिसला पाहिजे. बस. १७ दिवसांतले तीन-चार दिवस तिथंच वाचले. पण एक केलं, आणि हे तू विसरू नकोस: वाचलेल्या पैशातून त्याचं बिल मी एक आठवडा आधी द्यायला लागलो. नसतं केलं तर तो फोन पुढच्या महिन्यात त्याच्या बायकोकडं गेला असता. साखळीत ज्यानं वेळ वाचवला त्याला त्यातला वाटा पोचला नाही, की साखळी गुपचूप जुन्या चालीवर येते.

वाटा कोण घेतो हे वरच्या बाजूलाही बघ. ग्राहक म्हणेल, तुमचा स्टॉक आमच्या सिस्टिमला जोडा, म्हणजे आम्हाला लाइव्ह दिसेल. दाखव. तयार माल किती, गाडी कधी निघाली, हीट नंबर काय, हे सगळं उघडं ठेव. त्यानं तुझ्यावरचा भरवसा वाढतो. पण सायकल टाइम, स्क्रॅपचा टक्का, विजेचं युनिट ही आपल्या घरातली भांडी आहेत. ती दिसली की पुढच्या वाटाघाटीत दर कमी करायची मागणी त्याच आकड्यांवर बसून येते. मेहनत तुझी, बचत त्यांची. सॉफ्टवेअरवाल्यालाही सही करण्याआधी विचार: उद्या तुला सोडायचं झालं तर माझी माहिती कशी परत देशील? आम्ही एकदा हे विचारलं नव्हतं. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि तीन वर्षांचा हिशेब त्यांच्या सर्व्हरवर राहिला.

आता पैशाचं. या बाबतीत माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम झालं आहे, आणि आपल्या लोकांनी सगळ्यात कमी वापरलेलं तेच आहे. माल गेला, बिल झालं, आणि पैसे साठ-नव्वद दिवसांनी. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. आयकरातही आता तरतूद आली आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. कायदा चांगला. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

म्हणून ट्रेड्स ही सोय बघ. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं २०१७ पासून आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे मंच चालू आहेत. तू बिल टाकायचं, खरेदीदारानं 'हो, माल मिळाला, एवढे पैसे देणं आहे' असं मान्य करायचं, मग बँका त्या बिलावर बोली लावतात. सगळ्यात कमी व्याज सांगेल त्याच्याकडून पैसे तुझ्या खात्यात. मुदत संपल्यावर खरेदीदार बँकेला देतो. त्यानं बुडवलं तरी बँक तुझ्याकडं येत नाही. बँक इथं तुझ्या शेडची पत बघत नाही, त्या मोठ्या कंपनीची बघते; यातच सगळी किमया. हिशेब कर. दहा लाखांचं बिल, साठ दिवस. वर्षाला आठ टक्क्यांनी पैसे मिळाले तर साधारण तेरा हजार जातात. बाजारातून दोन टक्के महिन्यानं उचलले तर चाळीस हजार. एका बिलामागं सत्तावीस हजार, आणि प्रेस तोच, पार्ट तोच.

हे जमलं कशामुळं? संशय गेला म्हणून. पूर्वी बँकेला वाटायचं, बिल खरं कशावरून, हेच बिल दुसऱ्या बँकेला दिलं नाही कशावरून? आता खरेदीदार स्वतः मान्य करतो, आणि ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे (ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला) त्यांच्या बिलाला सरकारी नंबर आणि तोच आपला क्यूआर चौकोन असतो. खोच एकच: २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. म्हणून दराची बोलणी चालू असताना एक ओळ घालून घे: "बिलं ट्रेड्सवर मान्य केली जातील." दरात अर्धा टक्का कमी मागितला तरी चालेल, ही ओळ सोडू नकोस. आणि उद्यम नोंदणी अद्ययावत ठेव, तिच्याशिवाय यातलं काही मिळत नाही.

रस्त्याचं थोडक्यात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघालेली कॉइल आता लवकर पोचते. फास्टॅगनं टोलची रांग गेली, ड्रायव्हरच्या फोनवरून गाडी कुठं आहे ते दिसतं. सगळं खरं. पण गाडी सहा तास आधी आली आणि कॉइल इनवर्ड तपासणीला चार दिवस पडली तर त्या रस्त्याचं आपण काय केलं? गाडी समृद्धीवरून उतरली की क्रेनवाल्याला मेसेज जावा, टेस्ट सर्टिफिकेट गाडीच्या आधी मेलवर यावं, कडकपणा त्याच दुपारी तपासावा.

महागडी मशीन घेण्याआधी वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये जाऊन ये. चाचणी, मोजमाप, नमुने बनवणं यासाठी लहान उद्योगांनी मिळून वापरायची सोय आहे ती. वर्षात चार वेळा लागणारं यंत्र आपल्या शेडमध्ये कशाला? लघुउद्योजकांच्या मासिआ या संघटनेच्या बैठकांना जात जा. भाषणं कंटाळवाणी असतात, पण चहाच्या वेळी कोणाचा टेम्पो कुठल्या दिवशी रिकामा परततो ते कळतं, आणि ते कोणत्याही ॲपवर नाही.

सेन्सर घ्यायचा तर पहिला कॉम्प्रेसरला. रविवारी सगळ्या मशीन बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळा सुरू होतो ते बघ. तेवढी हवा तू गळतीतून फुकट सोडते आहेस.

एका गोष्टीत मात्र मी तुला काही शिकवू शकत नाही. बिडकीनला विजेच्या स्कूटरवाली एथर येतेय, टोयोटानं २०२४ मध्ये राज्याशी करार केला, शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून आहे. विजेच्या गाडीला सायलेन्सर नाही, किक नाही, क्लचची तार नाही. आपल्या पार्टांची यादी काढून प्रत्येकापुढं लिही, इंजिन गेलं तर हा जगतो की मरतो. ब्रॅकेट जगतील, बॅटरीलाही धरून ठेवावंच लागतं. सायलेन्सरचे क्लॅम्प मरतील. त्या डायवर आता एक रुपया खर्चू नकोस, ग्राहक कितीही गोड बोलला तरी. तक्रारीचं उत्तर लिहायला, ड्रॉइंग वाचायला तो नवा चॅटबॉट वापर, मामाला इंग्रजी मेल लिहिताना घाम फुटायचा, तुला फुटणार नाही. फक्त पार्ट का तडकला याचं कारण त्याला विचारू नकोस. ते प्रेसपाशी उभं राहून शोधायचं.

आता सोमवारचं सांगतो. पहिली कॉइल सकाळी सातला येते. टेम्पोवाला घाईत असतो, वजनकाट्याची पावती हातात आल्याशिवाय सही करू नकोस. खडू माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे.

तुझा मामा